मोडका रंधा

घरांतील एखादी वस्तु मोडली म्हणजे तिचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न बहुधा बायका मुकाट्यानें सोडवितात आणि पुरुष त्यावर लेख लिहितात. मीहि आज तेंच करीत आहें. फाटक्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी विरली म्हणजे तिचें पोतेरें होतें. ह्या प्रवासांत लुगड्याचें लुगडेपण कोठें संपलें, असा प्रश्न माझ्या आईला कधीं पडल्याचें मला आठवत नाहीं. मला मात्र एका मोडक्या रंध्यानें जवळजवळ वर्षभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

ज्या वाचकांचा सुताराशीं संबंध दारें-खिडक्या करून घेण्यापुरताच आला असेल, त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. लांकडी रंधा म्हणजे एक लांबट चौकोनी ठोकळा. त्यांत वरून खालपर्यंत एक तिरकस खांच कोरलेली असते. खालीं बुडाशीं ती अरुंद फटीसारखी उघडते. तें रंध्याचें तोंड. खांचेंत पोलादी पातें तिरपें बसवितात आणि त्यावर लांकडी पाचर ठोकून तें घट्ट करतात. पात्याची धार बुडाबाहेर केसभर डोकावली पाहिजे, अधिक नाहीं. तोंडापुढचें बूड लांकडाचे तंतु दाबून धरतें, मागून धार येऊन ते कापते, आणि सालपट वर वळून बाहेर पडतें. सारी करामत त्या फटीच्या अरुंदपणांत आहे. फट रुंद झाली कीं तंतु कापला जाण्यापूर्वींच उचकटतो आणि गुळगुळीत फळीऐवजीं खरवडलेली फळी हातीं येते.

हें हत्यार फार जुनें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपी शहरांत रोमन सुतारांचे रंधे सांपडले आहेत, आणि आजच्या सुतारापुढें ते ठेवले तर तो ते ओळखील. आपल्याकडे 'रंधा' हा शब्द फारसीच्या वाटेनें आला.

आमच्या घरचा रंधा शिसवीचा होता, सुमारें हातभर लांब. मूळचा तो आजोबांचा. त्यांच्याकडून वडिलांकडे आला. पातें विलायती, शेफील्डचें. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. तेव्हांपासून बडनेऱ्याच्या वाटेनें वऱ्हाडचा कापूस बाहेर जाऊं लागला आणि परतीच्या वाटेनें विलायती लोखंडी सामान आंत येऊं लागलें. त्याच ओघांत पुढें केव्हां तरी हें पातें आमच्या घरीं पोंचलें असावें. जुन्या पात्यांची घडण मोठी शहाणपणाची असे. सबंध पातें पोलादाचें करीत नसत. मऊ लोखंडाच्या पट्टीला धारेकडच्या भागीं पोलादाचा पातळ थर जोडीत. पोलाद महाग, लोखंड स्वस्त. शिवाय मऊ लोखंड निसण्यावर भराभर घासलें जातें, त्यामुळें धार लावणें सोपें पडतें. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननें अठराव्या शतकाच्या मध्यास मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली आणि त्या शहराचें नांव जगभर झालें. मुशींत पोलाद करण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानांत त्याच्या कित्येक शतकें आधीं होती, आणि तेलंगणांतील कोनसमुद्रम गांवचें पोलाद इराणी व्यापारी विकत नेत असत. तें पोलाद कोठें गेलें आणि आम्ही शेफील्डचीं पातीं कां विकत घेऊं लागलों, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. परंतु तें आठवल्यावांचून त्या पात्याकडे पाहणें मला जमत नाहीं.

आमची सुतारकी नांदगांव खंडेश्वर येथें. खंडेश्वराचें देऊळ हेमाडपंती, यादवांच्या काळचें. चुन्यावांचून, शिळेवर शिळा अचूक बसवून उभारलेलें. वडील देवळांत गेले म्हणजे प्रथम देवाला नमस्कार करीत आणि मग दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवीत. दोहोंपैकीं कोणती गोष्ट ते अधिक भक्तीनें करीत हें सांगणें कठीण आहे. त्यांच्या कामाची खरी घाई मृगाच्या आधीं. तिफणी, डवरे, वखर, गाडीचीं जुंवें ह्यांची अंगणांत रीघ लागे. पूर्वीं ह्या कामाचा मोबदला खळ्यावर ज्वारीच्या रूपानें मिळे. वडिलांच्या हयातींतच तें बंद होऊन रोख पैसे आले, आणि पैशांबरोबर उधारीहि आली. खंडेनवमीला सारीं हत्यारें धुऊन पाटावर मांडीत, मधोमध रंधा; त्याला हळदकुंकू, झेंडूचें फूल. खंडेश्वराचा गांव, खंडेनवमीचा मान, आणि पुढें रंधाहि खंडित व्हावयाचा होता. शब्दांचा हा योगायोग तेव्हां कोणाला सुचला असता?

एवढ्यावरून वडिलांना जुन्या वस्तूंचा सोस होता असें मात्र कोणीं समजूं नये. बुडाची झीज झाली कीं ते बूडच दुसऱ्या रंध्यानें रंधून सपाट करीत. बूड रंधलें कीं तोंड रुंद होतें, कारण खांच वर रुंद आणि खालीं अरुंद असते. मग तोंडापुढें खैराचा तुकडा बसवून फट पुन्हां बारीक करीत. असे दोन तुकडे त्या बुडांत एकापुढें एक बसविलेले होते. पाचर किती वेळां बदलली ह्याची गणती नाहीं. पातें तर रोजच निसण्यावर झिजत होतें. पोलादाचा थर बोटभरच उरला होता. पुढें हातांत चार पैसे आले तेव्हां त्यांनीं ओतीव लोखंडाचा नवा रंधा घेतला आणि शिसवीचा माळ्यावर टाकला. टाकतांना त्यांना वाईट वाटलें असें मला दिसलें नाहीं.

तो मीं खालीं काढला, ते वारल्यावर. मी शिकलों, मास्तर झालों, अमरावतीस घर केलें. रंधा धरण्यास बाराव्या वर्षापर्यंत शिकलों तेवढाच. पुढें पुस्तकें धरलीं. माळ्यावरचा रंधा मीं पुसला, त्याला तेल दिलें, आणि बैठकींत पुस्तकांच्या कपाटांत, ज्ञानेश्वरीच्या शेजारीं, कांचेआड ठेविला. येणारा-जाणारा विचारी, "हें काय?" आणि मी सांगें, "आमच्या वडिलांचा रंधा." हें सांगतांना माझा स्वर किंचित् बदलत असे, हें माझ्या पत्नीनें एकदां माझ्या लक्षांत आणून दिलें.

पातें हलूं नये, रंधा पूर्ण दिसावा, म्हणून मीं पाचर हातोडीनें चांगली ठोकून बसविली होती. येथेंच माझें चुकलें. वडील संध्याकाळीं काम आटोपलें कीं रंध्याच्या मागच्या टोकावर हातोडीचा एक हलका ठोका देत. त्यानें पाचर सैल होते. तो ठोका मीं लहानपणीं शेंकडों वेळां ऐकला होता. तो कां, हें कधीं विचारलें नव्हतें. माझ्या लेखीं ती दिवस संपल्याची घंटा होती. वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या हवेंत लांकूड वाळतें आणि आडवें आखडतें. पोलाद आखडत नाहीं. पातें आणि पाचर ह्यांच्या दोहों बाजूंस शिसवीचे जे गाल असतात त्यांना आखडण्यास जागा हवी. मीं ती ठेविली नव्हती. दोन वर्षांपूर्वीं एका दुपारीं कपाटांतून काठी मोडल्यासारखा आवाज झाला. पाहतों तों डावा गाल पाचरेच्या खांचेपासून मागच्या टोकापर्यंत तंतूच्या वाटेनें चिरत गेलेला. दोन पिढ्यांच्या कामांत जें मोडलें नाहीं, तें माझ्या वीस वर्षांच्या सन्मानानें मोडलें.

चुलतभावाचा मुलगा नांदगांवास अजून सुतारकी करतो. विजेवर चालणारा रंधा, विजेची करवत, सारें त्याच्यापाशीं आहे. दिवाळींत भेटावयास आला असतां त्यानें कपाट उघडून तो मोडका रंधा हातांत घेतला, उलटा केला, एक डोळा मिटून बुडावरून नजर नेली, चिरेवर नख फिरविलें आणि म्हणाला, "काकाजी, हा मले द्या. याच्यात आजूक एक रंधा हाय."

मी म्हणालों, "अरे, तो आबाजींचा आहे."

"म्हून त मांगून रायलो ना!"

त्याचें म्हणणें असें: मागचा भाग चिरला आहे, तो गेला. पुढचा वीतभर भाग निरोगी आहे. तेवढा कापून घ्यावा, त्यांत नवी खांच कोरावी, बूड गोलसर करावें, पातें दोन्ही बाजूंनीं घासून अरुंद करावें आणि त्याची धारहि बुडाप्रमाणें गोल करावी. म्हणजे काठवटीचा पोटांतला भाग, खुर्चीची खोलगट बैठक, जुंवाची आंतली कमान, अशा ठिकाणीं चालणारा लहान गोल रंधा होईल. विजेच्या रंध्याचें बूड सपाट. तो खोलगट जागेंत उतरत नाहीं. आणि इतकी मुरलेली, जिची वाकण्याची भीति कधींच संपली आहे अशी शिसव आज पैसे देऊन मिळत नाहीं.

मीं नाहीं म्हटलें. तो रागावला नाहीं. चहा पिऊन गेला. राग मला आला, आणि तो त्याच्यावर नव्हता म्हणून अधिक दिवस टिकला.

नाहीं म्हणण्यास मजजवळ कारणें होतीं, आणि तीं अगदीं टाकाऊ होतीं असें मला आजहि वाटत नाहीं. पहिलें कारण हें कीं, कापलेली वस्तु पुन्हां सांधतां येत नाहीं. चिरलेला गाल सरसानें जोडून, दाबून ठेवून, रंधा पाहण्यापुरता तरी पूर्वीसारखा करतां आला असता. दोन तुकडे झाल्यावर तो मार्ग बंद. दुसरें कारण अधिक वजनदार आहे. पाँपीचे रंधे आपणांस कां माहीत आहेत? त्यांचा दुसरा रंधा करावयास कोणी उरला नाहीं म्हणून. ज्या गांवांवर राख पडली नाहीं, त्या गांवचे रंधे नातवांनीं वापरले, झिजविले, शेवटीं चुलींत घातले, आणि ते आज कोणालाहि ठाऊक नाहींत. पुण्यास दिनकर केळकरांनीं जन्मभर हिंडून अडकित्ते, दिवे, फण्या, वाद्यें असल्या घरगुती वस्तु जमविल्या आणि १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवालीं केला. त्यांनीं त्या वस्तु वापरांतून बाहेर काढल्या नसत्या तर त्यांतील कित्येक आज मोडीच्या भावानें वितळून गेल्या असत्या. वस्तूला कामांतून सोडविणारा मनुष्यहि समाजाला हवा असतो. 'जें वापरांत आहे तेंच जिवंत' असें म्हणणारे लोक ही गोष्ट फार सहज विसरतात.

परंतु हें दुसरें कारण मीं स्वतःपुढें मांडलें तेव्हांच तें माझ्या हातांतून निसटलें. केळकरांचें संग्रहालय, ज्यांनीं त्या वस्तु पाहिल्या नाहींत त्यांना दाखविण्यासाठीं आहे. माझें कपाट कोणाला काय दाखवीत होतें? रंधा कसा चालतो हें त्यावरून कोणी शिकला नाहीं. कांचेआडचें पातें कोणीं बाहेर काढून पाहिलें नाहीं. तें दाखवीत होतें मला. सुताराचा मुलगा मास्तर झाला तरी मूळ विसरला नाहीं, असें तें कपाट येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत होतें. आणि मूळ तर मी विसरलोंच होतों. नाहीं तर संध्याकाळचा तो ठोका कशासाठीं असतो हें मला ठाऊक नसतें काय?

राहिला 'जसाच्या तसा' हा शब्द. प्लूटार्क ह्यानें थीसिअसच्या गलबताची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें जपून ठेविलें. फळी कुजली कीं काढावी, तिच्या जागीं नवी बसवावी. शेवटीं हें तेंच गलबत कीं दुसरें, यावर तत्त्ववेत्त्यांत वाद माजला. मिलिंदपञ्हांत नागसेन भिक्षु मिलिंद राजाला विचारतो, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. ह्या दोन्ही संवादांत एक मनुष्य गैरहजर आहे, तो म्हणजे सुतार. फळी बसविली त्यानें आणि आंस घडविला त्यानें, पण वादाला त्याला कोणीं बोलाविलें नाहीं. बोलाविलें असतें तर 'तेंच कीं दुसरें' हा प्रश्न त्याला समजला असता. मात्र तो त्याला प्रथम सुचला नसता. त्याला प्रथम सुचला असता तो असा कीं, ही फळी आणखी किती पावसाळे टिकेल? माझ्या रंध्यापुरतें बोलावयाचें तर जो रंधा मी जसाच्या तसा जपत होतों, तो जसाच्या तसा कधींच नव्हता. बूड खैराचें झालें होतें, पाचर दहावी किंवा बारावी होती, पातें निम्मेंशिम्में निसण्याच्या पाण्यांत वाहून गेलें होतें. वापरणें म्हणजेच थोडथोडें संपविणें. प्रत्येक धार ही पात्याच्या आयुष्यांतून कापून घेतलेली असते. आजोबांचा रंधा वडिलांनीं जपला नाहीं, वडिलांनीं तो रोज थोडा खर्च केला. मी मात्र त्या खर्चाच्या शेवटच्या आंकड्याला मूळ भांडवल समजून कुलूप लावून बसलों होतों.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. जुन्या वस्तूचें नवें रूप करण्याची हल्लीं मोठी हौस आहे. हमरस्त्यावरच्या ढाब्यांपुढें बैलगाडीचीं चाकें रंगवून उभीं केलेलीं दिसतात. पाडलेल्या वाड्यांचे नक्षीदार खांब विश्रामगृहांच्या दिवाणखान्यांत छताला टेकल्याचें सोंग करून उभे राहतात. हाहि वस्तूचा पुनर्जन्मच म्हणतात. मला तो तसा वाटत नाहीं. ढाब्यापुढच्या चाकाला कोणी वंगण देत नाहीं, त्याची धांव सैल झाली तर कोणी तपासीत नाहीं. त्याला रंग हवा, तेवढा मिळतो. चाकाचा त्याच्या धन्याकडून जो हक्क होता तो संपला. हत्याराचें दुसरें हत्यार होतें तेव्हां तो हक्क शाबूत राहतो: धार लाव, कोरडें ठेव, पाचर सैल कर, नाहीं तर मी मोडेन. माझ्या कपाटांतल्या रंध्याचा हाच हक्क मीं बुडविला होता, म्हणजे ढाबेवाल्याहून मी फारसा निराळा नव्हतों. माझा ढाबा जरा पुस्तकी होता इतकेंच.

उलट बाजूचा मोहहि आहे. आमच्या वऱ्हाडांत वखराची पास झिजली कीं लोहार तिचा विळा किंवा खुरपें करतो. मोटारीच्या पाट्यांचे कोयते आणि पटाश्या होतात. हें पाहून शहरांतील मनुष्य गहिंवरतो आणि काटकसरीच्या संस्कृतीवर बोलूं लागतो. त्यानें जपून बोलावें. पास झिजल्यावर नवें खुरपें घेण्याची ज्याची ऐपत असते, तो बहुधा नवेंच घेतो. माझ्या वडिलांनीं पैसे येतांच लोखंडी रंधा घेतला, आणि तें योग्यच केलें. नाइलाजाला तत्त्वज्ञानाचे कपडे चढविणें हा एक प्रकारचा अपमान आहे. नाइलाज नसतांना मोडकें हातीं धरणारा मनुष्य निराळा, आणि तसे फार थोडे. आमच्याच जिल्ह्यांत, शेंडगांव येथें, १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं अंगावर चिंध्या आणि हातीं मातीचें फुटकें गाडगें ठेविलें. तेंच जेवावयास, तेंच ऊन लागलें कीं डोक्यावर. त्यांच्या नांवानें धर्मशाळा उभ्या राहिल्या, तरी १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं तें सोडलें नाहीं. तें गाडगें मोडकें होतें म्हणून थोर नव्हे. तें दिवसाकाठीं दोनदां कामास येत होतें, आणि नवें घेण्यास त्यांना कोणीहि अडवीत नव्हतें.

मग मोडण्याचा अधिकार कोणाचा? आपल्याकडे खंडित मूर्तीचें विसर्जन करतात. ती पूजेंत ठेवीत नाहींत आणि तिचा वरवंटाहि करीत नाहींत. पण पडक्या देवळाची शिळा विहिरीच्या कांठीं बसलेली पाहून कोणी हळहळतो, तर कोणी त्याच शिळेवर घागर टेकून विसावतो. ह्या दोन चालींत विरोध आहे असें मला पूर्वीं वाटे. आतां वाटतें कीं मूर्तीला भंग करून दुसरें रूप देणारा स्वतःला तिच्या घडविणाऱ्याच्या जागीं बसवितो, आणि तेवढी लायकी आपली नाहीं हें त्या विसर्जनांत कबूल केलेलें असतें. सुताराच्या हत्याराची गोष्ट अशी नाहीं. तें घडविणारा आणि तें मोडून पुन्हां घडविणारा एकाच पंगतीचे असतात. रंध्याच्या वारशावर माझा हक्क रक्ताचा होता. पुतण्याचा हाताचा होता. कोर्टांत माझा चालला असता. रंध्यापुढें त्याचा.

गेल्या मार्गशीर्षांत मी तो रंधा पिशवींत घालून नांदगांवास नेला.

पुतण्यानें रेघ मारली, करवत हातांत घेतली, आणि थांबला. म्हणाला, "काकाजी, इथं पाहा." पुढच्या भागाच्या माथ्यावर एक उथळ खळगा होता. रंधा ढकलतांना डावा हात पुढें टेकतो. त्या हाताच्या आंगठ्यानें वर्षानुवर्षें घासून केलेला. मीं त्यांत आंगठा ठेवून पाहिला. तो माझ्या आंगठ्याहून रुंद होता. नवी खांच बरोबर त्याच जागीं यावयाची होती.

मीं विचारलें, जरा पुढें सरकवून हा वांचवितां येणार नाहीं काय? त्यानें फूटपट्टी ठेवून दाखविलें. खांच पुढें सरकविली तर तोंडापुढें जेमतेम दोन बोटें बूड उरतें. तेवढ्यानें तंतु दाबला जात नाहीं, रंधा लांकडांत नाक खुपसतो. मागें सरकविली तर चिरेच्या जवळ जातो. "तुमाले वांचवाचा असन त वांचवतो. पन मंग तो रंधा नाई होनार, डबी होईन." हें त्यानें कोणताहि आग्रह न धरतां सांगितलें आणि करवत खालीं ठेवून तो बिडी ओढावयास बाहेर गेला. मला वाटतें, मला एकटें सोडावें म्हणूनच गेला.

त्या वीतभर शिसवींत वडिलांचें जें कांहीं खरें उरलें होतें तें त्या खळग्यांतच होतें. बूड बदललें, पाचर बदलली, पातें झिजलें, पण खळगा भरून कोणीं काढला नव्हता. तो त्यांच्याच देहाचा ठसा होता. वर मीं जें सगळें लिहिलें आहे, वापरणें म्हणजे संपविणें, हाताचा हक्क आणि बाकीचें, तें त्या घटकेला मला आठवलें. आणि त्यानें खळगा वांचणार नव्हता. कांहीं नुकसानीं अशीं असतात कीं त्यांचें समर्थन करतां येतें, पण भरपाई होत नाहीं. समर्थन सांपडलें म्हणजे नुकसान झालेंच नाहीं असें मानणें ही शिकलेल्या माणसांची खोड आहे, आणि मला ती चांगलीच आहे. खळगा जाणार होता. तो जाण्यासारखा होता असें म्हणणें खोटें झालें असतें. तो जाऊं द्यावा लागणार होता, इतकेंच खरें. मीं पुतण्याला हांक मारली आणि कर म्हटलें.

पुढचें काम त्याचें, आणि तें पाहण्यासारखें होतें. तुकडा कापून त्यानें दोन्ही बाजूंनीं खांचेच्या रेघा आंखल्या, गिरमिटानें भोकें पाडून मधलें लांकूड काढलें, आणि मग अर्धा दिवस पटाशीनें खांचेची बैठक साफ करीत बसला. खळगा पहिल्या घटकेंतच गेला. पातें अरुंद करतांना तो दगडावर चार घांसे देई आणि पाण्यांत बुडवी, पुन्हां चार घांसे. कारण पोलाद तापलें कीं त्याचें पाणी उतरतें आणि मग त्यावर धार टिकत नाहीं. पाचर त्यानें चिरलेल्या गालाच्या निरोगी भागांतून काढली. गाल आणि पातें यांमध्यें त्यानें कागदाच्या जाडीची फट ठेविली. मीं सांगितलें नव्हतें. मला तें सांगतां आलें नसतें. शेवटीं बुडाला गोलाई देऊन, तेल लावून, त्यानें एका जुंवाच्या कमानींत तो चालविला. पहिलीं दोन सालपटें चुरा होऊन आलीं. पाचर जरा ठोकली, पातें केसभर वर घेतलें. तिसरें सालपट अखंड, कमानीसारखेंच वळलेलें बाहेर आलें. तो कांहीं बोलला नाहीं. तें सालपट त्यानें माझ्या हातीं दिलें आणि पुढचें काढावयास लागला.

संध्याकाळीं दुकान आवरतांना त्यानें रंध्याच्या मागच्या टोकावर हातोडीचा एक हलका ठोका दिला.

मुठीकडचा चिरलेला तुकडा मात्र मीं मागून घेतला. तो आतां कपाटांत नाहीं, माझ्या टेबलाच्या खणांत आहे. कशासाठीं, हें मला नीट सांगतां येणार नाहीं, आणि वर केलेल्या विवेचनाशीं तें जुळत नाहीं हेंहि मला दिसतें. पुतण्या मागच्या महिन्यांत आला होता. खण उघडा होता. त्यानें तुकडा उचलला, चीर कोठवर गेली आहे तें पाहिलें, आणि जागच्या जागीं ठेविला. त्याच्या एका पटाशीची मूठ फुटली आहे असें तो जातां जातां म्हणाला.